रत्नमालानं कापलेली नाव

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत, विमानतळाच्या भिंतीमागच्या गल्लीत व्यंकटरावांचा फायबरचा कारखाना आहे. पाण्याच्या टाक्या, वॉचमनच्या केबिनी, मोटारपंपावर टाकायची झाकणं असा माल तिथं बनतो. काम दिसायला सोपं. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यात अंथरायची, तिला ब्रशनं रेझिन पाजायचं, रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची आणि त्या थरावर दुसरा थर घ्यायचा. पण काचेची कुसळं अंगात घुसतात, रेझिनचा वास घरापर्यंत सोबत येतो, म्हणून नवी माणसं टिकत नाहीत. रत्नमाला टिकली. तिचा नवरा अजिनाथ कारखान्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. लग्नानंतर त्याच्या मागोमाग तीही कामाला लागली आणि आता थर मारणाऱ्या बायकांची ती मुकादम होती.

तिचं माहेर गंगापूरच्या पुढं, टेंभुर्डी. धरणाचं पाणी फुगून जिथवर मागं येतं, त्या काठावरचं गाव. माहेरचा धंदा मेंढरांचा. पावसाळ्यात गावच्या शिवारात कपाशी आणि ऊस उभा असतो. मेंढरू नुसतं बांधावर गेलं तरी भांडण. चरायला एकच जागा उरते, पाण्यापलीकडचा माळ. उन्हाळ्यात तिथं चालत जाता येतं. पण नाशिककडं पाऊस झाला की इकडं आभाळ कोरडं असलं तरी पाणी चढतं आणि माळाचं बेट होतं. मग जायचं ते चप्पूवर. थर्माकोलचे ठोकळे बांबूच्या चौकटीत दोरीनं आवळले की झाला चप्पू.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला असाच एक चप्पू मधोमध सुटला. वर रत्नमालाचा थोरला भाऊ कडूबा होता, आई आक्काबाई होती आणि मेंढरं होती. कडूबा पोहणारा. आक्काबाईनं थर्माकोलचा एक तुकडा छातीशी धरला आणि मासे धरणारे येईपर्यंत तशीच तरंगत राहिली. मेंढरांची लोकर भिजून जड झाली. ती एकेक करून खाली गेली आणि म्हातारीनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं.

रत्नमाला दुसऱ्या दिवशी पोचली तेव्हा आई चुलीपुढं बसून होती. बोलत नव्हती. आता ही पुन्हा पाण्याकडं फिरकायची नाही, असं रत्नमालाला वाटलं. पुढच्या रविवारी ती परत गेली, तर आई लुगड्याचा काष्टा खोचून नव्या चप्पूवर चढत होती.

"माय, अगं काय करू राहिली?"

"माळावरली मेंढरं कोण बघंल?" आक्काबाई म्हणाली. "तू?"

कडूबानं बांबूनं चप्पू ढकलला. रत्नमाला काठावर उभी राहिली. चप्पूच्या फटींतून पाणी वर येत होतं आणि तिची आई त्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून, एक हात कोकराच्या मानेवर ठेवून, समोर बघत बसली होती. पलीकडं पोचल्याचं दिसेपर्यंत रत्नमाला हलली नाही. परतीच्या एसटीत तिनं ठरवून टाकलं.

सोमवारी सकाळी ती चारुताच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. चारुता ही व्यंकटरावांची मुलगी. पुण्यात इंजिनिअर होऊन आली होती आणि वडिलांचं वय झाल्यापासून कारखाना तीच बघत होती.

"मॅडम, आपल्याला नाव करता यील का?"

"कशाचं नाव?"

"कशाचं नाय. पाण्यातली नाव. होडी."

चारुतानं हातातलं पेन खाली ठेवलं. रत्नमालानं चप्पूचं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज कुठंच चढला नाही. शेवटी ती म्हणाली, "टाकी पाणी आत धरती. नावंनं पाणी भायेर धरायचं. मॅट तीच, रेझिन तेच. मग आपल्याला का जमू नये?"

चारुताच्या मनात हा विचार अधूनमधून येऊन गेला होता. बागांच्या तळ्यांत, मासेमारीच्या सोसायट्यांत ज्या नावा दिसतात त्या सगळ्या लांब किनाऱ्याकडून येतात. इकडं कुणी करत नाही. "आधी साचा करावा लागेल," ती म्हणाली. "पहिली नाव तुमच्या गावाला देऊ. चांगली चालली, तर साचा आपल्याकडं राहीलच."

व्यंकटराव रोज दुपारी कारखान्यात एक फेरी मारत. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी चारुताला आणि रत्नमालाला समोर बोलावलं. मग म्हणाले, "टाकी गळली तर गच्ची ओली होते, चारू. नाव गळली तर माणूस जातो."

"म्हणून करायचीच नाही, बाबा?"

"तसं मी म्हणालो नाही. करा. पण ती पाण्यात कधी जाईल, हे मी सांगेन. मी नाही म्हटलं तर नाही. हे दोघींनाही कबूल आहे का?"

"कबूल हाये, साहेब," रत्नमाला म्हणाली. चारुतानंही मान हलवली.

हिवाळा आणि उन्हाळा साच्यात गेला. चारुता चार दिवस कोकणात जाऊन नावा बांधणाऱ्यांकडं बसून आली. कडूबाला चिकलठाण्याला बोलावून घेतलं, कारण मेंढरं कशी वागतात हे त्यालाच माहीत. तो शेडमध्ये बिचकत बिचकत शिरला, पण प्लायवूडचा सांगाडा बघितल्यावर बोलायला लागला.

"तळ सपाट पायजे. आन् रुंद. मेंढरं एकाच बाजूला पळत्यात. एक गेलं का सगळी."

"मग मध्ये आडव्या पट्ट्या घालू," चारुता म्हणाली. "खण पडतील. एका खणातलं मेंढरू दुसऱ्यात जाणार नाही."

"आन् पुढचं तोंड बुटकं ठेवा. मेंढरू उडी मारून चढत नसतंय. चालत यील आसं करा."

चारुतानं तोंड बुटकं केलं आणि दोन्ही टोकांना बंद कप्पे ठेवले. त्यांत पाणी न पिणारा फोम भरायचा, म्हणजे नाव पाण्यानं भरली तरी बुडणार नाही. साच्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, फासली, घासली, मेणाचे हात दिले. मग सगळ्यात आधी बाहेरचा रंगाचा थर, नारिंगी, कारण तो लांबून दिसतो. आणि त्यावर मॅट. तळाला जास्त थर, बाजूंना कमी. थर मारण्याचं सगळं काम रत्नमालाच्या देखरेखीखाली झालं.

जूनच्या सुरुवातीला पहिली नाव साच्यातून सुटली. लाकडी पाचरी ठोकल्या, साचा कर्रकन वाजला आणि नारिंगी कूस उजेडात आली. सगळा कारखाना काम टाकून बघायला जमला. बायकांनी तिला हळदकुंकू लावलं. रत्नमालानं फोनवर फोटो काढून कडूबाला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या टेंभुर्डीनं बघितला.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव आले. त्यांनी नाव दोन लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवायला लावली आणि आत वाळूची पोती भरायला सांगितली. "राहू दे अशीच," म्हणाले आणि घरी गेले. चार दिवसांनी पोती काढली, नाव पालथी केली. व्यंकटरावांनी खिशातून पाचाचं नाणं काढलं आणि तळावर ठोकत ठोकत चालायला लागले.

टक्, टक्, टक्. आवाज कडक, एकसारखा. तळ आणि बाजू जिथं मिळतात त्या कडेवर नाणं आलं आणि आवाज बदलला. थप्. त्यांनी पुढं ठोकलं. थप्. दोन हात पुढं पुन्हा टक्, मग परत थप्.

रत्नमालानं खाली वाकून बघितलं. नारिंगी रंगावर केसासारखी एक चीर होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. साच्यात तो कोपरा काटकोनी होता. काचेची मॅट ताठ असते. ती कोपऱ्याच्या टोकापर्यंत बसत नाही, वरून पूल टाकल्यासारखी जाते आणि खाली हवा राहते. वरून बघणाऱ्याला थर सलग दिसतो.

"केबिनचा कोपरा करतो तसाच मी काढला," चारुता म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "केबिनमध्ये कुणी पाण्यात बसत नाही."

"रोलर माझाच फिरला ना तिथून," रत्नमाला म्हणाली. "मलाबी नाय कळलं."

"आतून आणखी दोन थर मारले तर?" चारुतानं वडिलांना विचारलं.

"पोकळी झाकली जाईल. भरणार नाही." व्यंकटरावांनी नाणं खिशात टाकलं. "मेंढरांच्या खुरांखाली, लाटांच्या माऱ्यात, आज ना उद्या ती कड उघडेल. आज ना उद्या म्हणजे पाण्याच्या मधोमध. ही नाव जाणार नाही."

कुणी वाद घातला नाही. साच्यातले सगळे कोपरे लांबीनं गोल करायचे आणि नवी नाव काढायची, असं ठरलं. जुनी नाव शेडच्या मागं उपडी ठेवली. रत्नमालानं कडूबाला फोन करून सांगितलं, अजून वेळ लागंल. कारण सांगितलं तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला.

जुलैच्या मध्याला नाशिककडं धो धो झालं आणि फुगवटा वेगानं चढला. तेव्हा आक्काबाई मेंढरांबरोबर माळावरच होती. रस्ता पाण्याखाली गेला. आणि एका दुपारी कडूबा गावातल्या तिघांना घेऊन, भाड्याची पिकअप घेऊन कारखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला.

"नाव न्यायला आलोय," तो म्हणाला.

रत्नमाला हातमोजे काढत बाहेर आली. "दादा, ती नाव खराब हाये. सांगितलं ना तुला."

"खराब म्हंजी काय? भोक हाये का तिला?"

"भोक नाय. कड पोकळ हाये."

"मग आमी डांबर लावू. पत्रा ठोकू. आमचं आमी बघू." कडूबा शेडच्या मागं जाऊन नावेजवळ उभा राहिला होता. त्यानं तिच्यावर थाप मारली. "इतकी मजबूत नाव हितं पावसात पडलीय आन् माय तिकडं माळावर. पीठ, मीठ, औषध सगळं मी चप्पूवर न्यू राहिलो. वाऱ्यात. तुला कळतंय का? चप्पू चालतो तुला आन् ही नाव चालत नाय?"

चारुता आणि व्यंकटरावही तिथं आले होते, पण बोलायचं रत्नमालालाच होतं.

भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. आजचा दिवस बघितला तर ही नाव चप्पूपेक्षा शंभरपट बरी होती.

"दादा," ती म्हणाली, "चप्पूवर तू किती माणसं घेतो?"

"दोन. लई झालं तर तीन."

"का?"

"भ्याव वाटतं म्हनून."

"हां. चप्पूचं भ्याव वाटतं म्हनून तुमी जपून जाता. वारा सुटला का थांबता. या नावंत तुमाला भ्याव वाटनार नाय. चांगली दिसती, रंग झकास हाये, फायबरची हाये. पंधरा माणसं बसाल तिच्यात. शाळेची पोरं बसवाल. लगीन असलं तर वऱ्हाड बसवाल. आन् ती कड ज्या दिशी उघडंल त्या दिशी टोकाचा फोम इतक्यांना धरनार नाय, आन् कुनाच्याच हातात थर्माकोलचा तुकडाबी नसंल."

"आमी नाय बसवनार इतकी माणसं."

"तू नाय बसवनार. तू घरी नसशील तव्हा?"

कडूबा चिडला. "तुला गावच नको झालंय, रत्ने. हितं पंख्याखाली बसून सांगू राहिली." त्यानं बरोबरच्या माणसांना खूण केली. चौघं नावेला हात घालायला वाकले.

रत्नमाला शेडमध्ये गेली. कडा कापायचा ग्राइंडर तिनं उचलला, वायर ओढत बाहेर आणली आणि नावेच्या पुढं उभी राहिली.

"सरका."

"रत्ने, येडी झाली का?"

"दादा, सरक. पातं लागंल."

ती चारुताकडं बघत होती. नाव कारखान्याची होती, तिची नव्हती. चारुतानं वडिलांकडं बघितलंच नाही. ती आत गेली आणि मास्क आणि चष्मा घेऊन आली. "रत्नाताई, हे आधी लावा," ती म्हणाली. "आणि वायर पाण्यातून नेऊ नका."

ग्राइंडर सुरू झाला. पातं नारिंगी कडेत शिरलं आणि काचेची पांढरी धूळ उडाली. माणसं मागं सरकली. रत्नमालानं घाई केली नाही. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, तळाच्या मधोमध, सरळ रेषेत ती कापत गेली. ज्या तळावर ती गुडघ्यांवर बसून राबली होती, तो तिच्याच हातानं उघडत होता. नाव दोन तुकडे होऊन खाली बसली तेव्हा तिनं मशीन बंद केलं.

कापलेल्या कडेत पोकळी स्पष्ट दिसत होती. करंगळी जाईल एवढी. तिनं करंगळी घालून दाखवली. "हे बघ," ती म्हणाली.

कडूबानं बघितलं नाही. तो पिकअपमध्ये जाऊन बसला आणि गाडी निघून गेली. रत्नमालानं चष्मा काढला, मास्क तसाच ठेवला. मास्कच्या वरची जागा ओली झाली होती. मग ती आत गेली आणि साच्यातल्या पुढच्या कोपऱ्याला लांबी लावायला बसली.

दुसरी नाव पावसाळ्यात करायची होती, आणि फायबरच्या कामाला ओल चालत नाही. मॅट दमट झाली की रेझिन तिला धरत नाही, थर दुधाळ होतो. साच्याचे कोपरे गोल होऊन, घासून, मेण लावून तयार झाले आणि झड लागली. रोज सकाळी रत्नमाला शेडच्या दारात उभी राहून हवा बघायची. गावाकडून फोन यायचा तो वहिनीचा. कडूबा बोलत नव्हता. आई अजून माळावर, म्हणे. बरी आहे, म्हणे. चप्पू जातोय, म्हणे.

"आज सुरू करू या का?" एका सकाळी चारुतानं विचारलं. "ताडपत्र्या लावू, दिवे लावू. गावाकडं तुमचा जीव अडकलाय, मला दिसतंय."

रत्नमालानं मॅटचं टोक गालाला लावून बघितलं. "नको, मॅडम," ती म्हणाली. "घाईनं केली तर हीबी कापावी लागंल."

झड उघडली तेव्हा ऑगस्ट लागला होता. मॅट दोन दिवस दिव्यांखाली सुकवली. मग सकाळी लवकर सगळे जमले. अजिनाथनं गाडीची फेरी रद्द केली आणि रेझिनच्या बादल्या मोजून देण्याचं काम घेतलं. हार्डनर जास्त झालं तर रेझिन तापून तडकतं, कमी झालं तर ओलंच राहतं, म्हणून ते चारुता स्वतः घालत होती. रत्नमालानं या वेळी तळ आणि बाजू बाकीच्या बायकांवर सोडल्या. तिनं फक्त कडा घेतल्या. कोपऱ्यासाठी मॅटच्या अरुंद पट्ट्या फाडल्या. कातरल्या नाहीत, फाडल्या, म्हणजे टोकं मऊ होऊन एकमेकांत मिसळतात. एकेक पट्टी ती गोल कोपऱ्यात बसवायची, छोटा रोलर हळू फिरवायची, पांढरा ठिपका दिसला की परत फिरवायची. पांढरा ठिपका म्हणजे हवा. दुपारी तिच्या पाठीला कळ लागली, पण अख्खी कड ओली असतानाच पुरी करायची होती. ती उठली तेव्हा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं.

साच्यातून नाव सुटली, वाळू भरून झाली, रिकामी झाली. व्यंकटरावांनी नाणं काढलं आणि रत्नमालापुढं धरलं. "तूच ठोक."

ती ठोकत गेली. पूर्ण कड. दोन्ही बाजू. टक्, टक्, टक्. शेवटच्या टोकाला पोचल्यावर ती थांबली, मागं फिरली आणि सगळं पुन्हा ठोकलं.

"आता पाण्यात," व्यंकटराव म्हणाले.

बिडकीनजवळ त्यांच्या ओळखीच्या एकाचं मोठं शेततळं होतं. अजिनाथनं नाव पिकअपवर बांधून नेली. रिकामी सोडली तर ती पानासारखी फिरली. वाळूची पोती टाकली तेव्हा शांत बसली. मग व्यंकटरावांनी सांगितलं, "आता बादल्यांनी पाणी भरा. काठोकाठ."

बायकांनी दोन्हीकडून पाणी ओतलं. नाव खाली जाऊ लागली, काठ पाण्याला टेकला आणि तळ्याचं पाणी आपणहून आत आलं. पण टोकांच्या कप्प्यांनी जोर धरला. काठ पाण्याच्या पातळीला आला आणि तिथंच राहिला.

"आता मी बसतो," व्यंकटराव म्हणाले आणि चपला काढायला लागले.

"बाबा! काहीतरीच काय. मी बसते."

"चारू, परवानगी मी देणार आहे ना? मग बसायलाही मीच हवा."

अजिनाथनं त्यांना हात दिला. पँट गुडघ्यापर्यंत वळवून ते भरलेल्या नावेत उतरले आणि छातीपर्यंत पाण्यात मांडी घालून बसले. नाव थोडी दबली आणि थांबली. ते एका बाजूला सरकले. ती कलली, पण उलटली नाही. तळ्याच्या काठावर एकदम हसू फुटलं, कारण साहेबांचा चष्मा तेवढा कोरडा होता. व्यंकटराव मात्र हसले नाहीत. त्यांनी हाताखालची कड चाचपली आणि म्हणाले, "रत्नमाला, घेऊन जा."

रविवारी सकाळी पिकअप टेंभुर्डीच्या काठाला लागली. सगळं गाव जमलं. कडूबा लांब, बाभळीखाली उभा होता. नाव पाण्यात उतरली, तेव्हाही तो जागचा हलला नाही. पण मग मेंढरं चढवायची वेळ आली. गावाजवळ ठेवलेली काही मेंढरं माळावर न्यायची होती, आणि त्यांना नाव मान्य नव्हती. अजिनाथनं एकाला ओढलं तर ते त्याच्या टांगांमधून पळालं. पोरं हसायला लागली. शेवटी कडूबाच पुढं आला. कुणाकडं न बघता त्यानं म्होरक्या मेंढ्याचं शिंग धरलं, त्याला बुटक्या तोंडातून आत नेलं आणि पहिल्या खणात उभं केलं. बाकीची मुकाट मागून चालत गेली. मेंढ्याला धरायला कुणीतरी हवंच होतं, म्हणून कडूबा नावेतच राहिला.

रत्नमाला वल्ह्याला, अजिनाथ दुसऱ्या वल्ह्याला. वल्हवणं दोघांनाही नीट जमत नव्हतं. अर्ध्या वाटेवर पश्चिमेकडून वारा सुटला. पाणी काळसर झालं, लाटा बाजूला थपडा मारायला लागल्या. मेंढरं घाबरली आणि आपापल्या खणात एका कडेला गेली. नाव कलली. गार पाणी काठावरून आत आलं. रत्नमालाची नजर कडेवर होती, त्याच कडेवर, जी तिनं पट्टी पट्टी करून बसवली होती. नाव कलली तिथंच क्षणभर थांबली आणि मग संथपणे परत सरळ झाली.

"तोंड वाऱ्याकडं कर," कडूबा म्हणाला. नाव कापली त्या दिवसापासून त्याचे तिच्याशी हे पहिले शब्द. "आडवी नको धरू. दे हिकडं." त्यानं तिच्या हातातलं वल्हं घेतलं. तिनं मेंढ्याचं शिंग धरलं.

माळावर आक्काबाई काठी टेकून उभी होती. चेहरा उन्हानं रापलेला, अंगाला मेंढरांचा वास. तिनं लेकीला जवळ घेतलं नाही की नावेचं कौतुक केलं नाही. आधी तिनं उतरणारी मेंढरं मोजून घेतली. मग पाण्यात शिरली, नावेत चढली, मधल्या खणात बसली आणि तळावर हात फिरवला.

"खालून पानी येत नाय," ती म्हणाली.

"नाय यायचं, माय."

"बुड कोरडं ठेवून पानी वलांडायचं म्हंजी गंमतच हाये." ती बसूनच राहिली. थोड्या वेळानं तिनं पदर डोळ्यांना लावला. "ती मेंढरं गेली ना, त्यातली एक गाभण होती," ती म्हणाली. त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती. रत्नमाला तिच्याजवळ जाऊन बसली. कडूबा नावेचा दोर धरून, पाठमोरा उभा राहिला.

परतताना आक्काबाई त्यांच्याबरोबर आली, दोन दिवस घरी राहायला म्हणून. संध्याकाळपासून मेंढरांकडं कडूबा थांबणार होता. गावाच्या काठावर तोवर पलीकडं जाणाऱ्यांची दाटी झाली होती. कुणाचं गवताचं काम, कुणाची मेंढरं, कुणाला नुसतं बसून बघायचं. रत्नमालानं कडूबाला बाजूला घेतलं.

"बारा मेंढरं आन् तीन माणसं. नायतर मग नुसती आठ माणसं. त्याच्या वर नाय. वारा सुटला तर थांबायचं. आन् दर पंधरवड्याला कड बघायची. चीर दिसली तर फोन करायचा, डांबर लावायचं नाय."

कडूबानं मान हलवली. खाली बघत म्हणाला, "त्या दिशी मी बोललो ते..."

"जाऊ दे."

"पंख्याखाली बसून म्हनलो. तुझी पाठ वाकडी झाली म्हनून अजिनाथ सांगत होता."

"झाली सरळ."

अजिनाथ पिकअपचा हॉर्न वाजवत होता. सोमवारी कारखान्यात एका मासेमारी सोसायटीची माणसं साचा बघायला येणार होती आणि त्याआधी चारुताला रंगाचं ठरवायचं होतं. रत्नमाला गाडीकडं निघाली. मागं काठावर आवाज चढले म्हणून तिनं वळून बघितलं. चुलत्याचा रामकिसन नावेत पाय टाकून उभा होता. "एक मानूस जास्त झाल्यानं काय व्हतंय, कडूबा? इतकी मोठी नाव हाये."

"उतर," कडूबा म्हणाला.

"आरं, घरचा हाये मी."

"घरचाच हाये म्हनून सांगू राहिलो. उतर. पुढच्या खेपंला ये."

रामकिसन पुटपुटत उतरला आणि काठावरच्या दगडावर जाऊन बसला. कडूबानं नावेतली माणसं बोट लावून पुन्हा एकदा मोजली, वाऱ्याकडं तोंड केलं आणि वल्हं पाण्यात घातलं.